सहाव्या दाराची भोकं

विलास,

परवा तुझ्या तेराव्याला सगळे तुझ्या हाताबद्दल बोलत होते. पंगत उठल्यावर मांडवातल्या खुर्च्या गोल करून मंडळी बसली आणि एकेकाची आठवण निघाली. विलासने हात लावलेलं दार बोटाने ढकललं तरी आवाज न करता मिटायचं, असं कोणीतरी म्हणालं. तुझ्या चुलतभावाने पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजचं दार तू कसं एकट्याने उचलून धरलंस ते हातवारे करून सांगितलं. थोडं वाढवून सांगितलं, पण ते असू दे. मग तुझ्या मोठ्या मेव्हण्याने उसासा टाकला. म्हणाला, शेवटी मात्र हात गेला बिचाऱ्याचा, नाहीतर मंगल कार्यालयातलं ते दार पडलं नसतं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

तुझा हात गेला नव्हता. ते दार माझ्यामुळे पडलं. तू होतास तोवर हे तुला सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही. आता लिहून तुला काही उपयोग नाही, एवढी अक्कल मला आहे. तरी लिहितोय, कारण त्या दिवशी मान हलवून मी घरी आलो आणि तेव्हापासून मला स्वतःचं तोंड बघवत नाही.

आपलं काम काय असं कोणी विचारलं आणि आपण सांगितलं की लोक हसायचे, आठवतं? बिजागऱ्या? त्यात दुरुस्त करण्यासारखं काय असतं? माझ्या सासऱ्यांनी तर लग्नाआधी दोनदा विचारून घेतलं होतं की बिजागऱ्या हा जोडधंदा आहे ना. घरचं दार दिवसातून दहा-वीसदा उघडतं. बँकेचं, दवाखान्याचं, हॉटेलच्या भटारखान्याचं दार किती वेळा उघडतं हे कोणी मोजत नाही. तू मोजायचास. मी हत्यारांची पिशवी उघडून तयार व्हायचो आणि तू समोर एखाद्या स्टुलावर मांडी ठोकून दाराकडे बघत बसायचास. अर्धा अर्धा तास. एका बँकेत रखवालदाराने तुला येऊन विचारलं होतं की काय काम आहे, आणि तू म्हणालास की दार बघतोय. तो मॅनेजरला बोलावून घेऊन आला. त्या दोघांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली आणि तू त्यांच्या खांद्यावरून दारच बघत होतास.

माणसं दाराला कुठे ढकलतात ते तुला बघायचं असायचं. हातात ताटं असलेला वेटर पायाने ढकलतो, काखेत फायली धरलेला कारकून कोपराने, आणि म्हातारी माणसं मुठीला लोंबकळतात. ते सगळं बघून झालं की तू उठायचास आणि म्हणायचास, "वरची गेली. खालच्या दोन्ही उगाच बदनाम हायेत." दर वेळी बरोबर. मला त्याचा राग यायचा, कारण तोवर मी तिन्ही नव्या बिजागऱ्या कागदातून सोडवून ठेवलेल्या असायच्या.

आपलं सगळं भांडण तिथेच होतं. मी म्हणायचो, झिजली की काढ, नवी बसव, पुढच्या दाराला चल. तू म्हणायचास, काय झिजलंय ते आधी बघ. मधला खिळा झिजला असेल तर खिळा बदल, पट्टी वाकली असेल तर ठोकून सरळ कर, भोकं मोठी झाली असतील तर ती भर. चौकट खचली असेल तर सोन्याची बिजागरी लावली तरी दार फरशी खरवडणारच. हे तू माझ्याशी खासगीत बोलला असतास तर मी ऐकलंही असतं. तू गिऱ्हाइकासमोर बोलायचास. आज तू गेलास म्हणून मी तुला देवमाणूस करणार नाही. तू हट्टी होतास, मुद्दा सोडायचा नाहीस, आणि एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली की दोन दोन दिवस माझ्याशी फक्त हत्यारांची नावं घेऊन बोलायचास. "रंधा." "पटाशी." मी ती द्यायचो. आणि जेवायची वेळ झाली की माझा डबा तूच आधी उघडायचास.

तुझे ते स्क्रू. सगळा बाजार अधिकच्या खुणेचे स्क्रू वापरायला लागला तरी तू एका खाचेचेच शोधून आणायचास. प्रत्येक स्क्रूची खाच शेवटी उभी, वरून खाली सरळ रेघेत, आणायचीच. मला आधी ती हौस वाटायची. मग तू एकदा समजावलंस की सहा महिन्यांनी नुसतं लांबून बघितलं तरी कळतं, जी रेघ तिरकी झाली तो स्क्रू सैल व्हायला लागला. नाशिक रोडपासून पिंपळगावपर्यंत कुठेही दाराच्या रेघा उभ्या दिसल्या की सुतार लोक ओळखायचे, हे विलासचं काम. आपल्या गाळ्याच्या पाटीवर दोघांची नावं होती, पण दारावर तुझंच असायचं. हे मला टोचायचं. कधी बोललो नाही.

आणि माझ्या वडिलांच्या वेळचं तर मी तुला कधी नीट बोलून दाखवलंच नाही. अण्णा दवाखान्यात होते तेव्हा त्यांच्या वॉर्डाचं दुपाखी दार प्रत्येक येण्याजाण्याला किंचाळायचं आणि अण्णांचा डोळा लागला की उघडायचा. तू भेटायला आलास, अण्णांच्या पायाशी पाच मिनिटं बसलास आणि न बोलता उठून गेलास. मला वाटलं निघून गेला. मी बाहेर आलो तर तू त्या दाराखाली पाचर सारून बिजागरीचा खिळा काढून पुसत होतास. नर्सने हटकलं तर म्हणालास, "बाई, मी पेशंटचा मुलगा आहे." अण्णा त्या दुपारी चार तास झोपले. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत, पण झोपले तरी. घरी गेल्यावर मी बायकोला सांगितलं आणि रडलो. तुला मात्र दुसऱ्या दिवशी गाळ्यात, तू तिथे बसवलेल्या नव्या पितळी खिळ्यावरून बोललो, लोखंडी चालला असता म्हणून.

असा तू. आणि मी तुझ्याशी काय केलं ते आता सांगतो.

साडेतीन वर्षं होतील. पिंपळगाव रस्त्यावरच्या त्या मंगल कार्यालयात जेवणाच्या हॉलची सहा दारं आपल्याकडे आली होती. जड, जुनी, सागवानी दारं. लग्नसराईत वाढपी, पाहुणे, पोरंसोरं अशी दिवसभर आपटून आपटून सगळ्यांच्या वरच्या बिजागऱ्यांची भोकं चौकटीत सैल झालेली. स्क्रू नुसते गरगर फिरायचे. तू ठरवलंस, बिजागऱ्या नव्या, जाड घ्यायच्या, आणि प्रत्येक सैल भोक मोठं करून त्यात सागाची खुंटी ठोकायची, मग त्या खुंटीत नव्याने स्क्रू आवळायचा. खुंट्या तू स्वतः तासल्या होत्यास, मोजून, एकही जास्त नाही. भोकं भरायचं काम माझं, स्क्रू आवळायचं तुझं.

सकाळीच आपलं वाजलं. पहिल्या दाराला बिजागरीची खाच करताना माझ्या हातून पटाशी जरा खोल गेली. तू मालकासमोर म्हणालास, "मधू, तू नुसता धर. काम मी करतो." मालक हसला. तो तसा चांगल्या मनाने हसला असेल, पण मी पन्नाशीला आलेला माणूस होतो आणि तुझ्याइतकीच वर्षं या कामात घातलेली होती. दिवसभर माझ्या डोक्यातून ते वाक्य गेलं नाही. पाच दारं झाली. सहाव्याच्या वरच्या बिजागरीची चार भोकं भरताना मी रागारागाने हातोडी घातली आणि एक खुंटी उभी चिरली. दुसरीही. तिसरीही. पिशवीत दुसऱ्या नव्हत्या. तू हॉलच्या पलीकडच्या टोकाला मालकाला झालेली दारं उघडून मिटून दाखवत होतास. तुला हाक मारायची आणि म्हणायचं की खुंट्या फोडल्या, अजून तासून दे. एवढंच करायचं होतं. तू चिडला असतास, चारचौघांत बोलला असतास, आणि अर्ध्या तासात तीन खुंट्या तासून दिल्या असत्यास.

मी हाक मारली नाही. भटारखान्याबाहेर सामानाचं एक फुटकं खोकं पडलं होतं, त्याच्या मऊ लाकडाच्या काड्या काढल्या, गोंदात बुडवल्या आणि तीन भोकांत कोंबल्या. घरच्या कपाटाला आपण लोक हे करतोच. लाकूड भोक भरतं, स्क्रू बसतो, वर्षानुवर्षं चालतं. पण ते कपाट असतं. हे दार होतं, सागाचं, आणि त्याला लग्नसराई झेलायची होती. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तू आलास तेव्हा बिजागरीची पट्टी जागेवर धरून मी स्क्रू टेकवून ठेवले होते. भोकं पट्टीखाली झाकली गेली होती.

पहिला स्क्रू तू आवळलास, तो सागाच्या खुंटीत होता. दुसरा आवळता आवळता तू थांबलास. पेचकस अर्धा फेरा मागे घेतलास. पुन्हा आवळलास. मग माझ्याकडे न बघता विचारलंस, "सागाचीच खुंटी घातलीस ना?"

मी म्हणालो, "हो रे. सागाचीच."

तू मान हलवलीस आणि उरलेले आवळलेस. रेघा उभ्या केल्यास. आपण चहा घेतला आणि घरी आलो. येताना तू टेम्पोत माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालास की सकाळचं मनावर घेऊ नको. मी म्हणालो, घेतलं नाही.

दार वर्षभर टिकलं. मग एका लग्नात, ऐन पंगतीच्या वेळी वरून सुटलं, मधली बिजागरी सोबत उपटून आडवं आलं आणि ताटांची चळत घेऊन चाललेल्या इंदूबाईंच्या खांद्यावर पडलं. पंगतीत वाढायला येणाऱ्या बाई. खांद्याजवळचं हाड मोडलं त्यांचं. डोक्यावर पडलं असतं तर, हा विचार मी अजूनही पुरा करत नाही.

फोन मला आला, कारण तू त्या दिवशी शोभावहिनींना घेऊन वणीला देवीच्या दर्शनाला गेला होतास. इंदूबाईंना दवाखान्यात नेलं होतं, पाहुणे दुसऱ्या दाराने जेवायला जात होते, आणि पडलेल्या दारापाशी मी एकटा उभा होतो. स्क्रू फरशीवर पडले होते. त्यांच्या आट्यांत खोक्याच्या लाकडाचा पिवळट भुसा अडकलेला होता. मी फडक्याने एकेक स्क्रू पुसला. चौकटीतल्या भोकांतून उरलेल्या काड्या पेचकसाच्या टोकाने खरवडून काढल्या आणि खिशात घातल्या. घाबरून केलं, भान नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. तसं नव्हतं, विलास. मी भोकं नीट पुसली होती. भान नसलेला माणूस एवढं नीट पुसत नाही.

संध्याकाळी तू वणीहून परस्पर तिथेच आलास. कपाळावर कुंकू तसंच होतं. तू सगळं बघितलंस, स्क्रू हातावर घेतलेस, रिकाम्या भोकांत करंगळी घालून बघितलीस. खालची बिजागरी अजून जागेवर होती आणि तिच्या रेघा उभ्या होत्या. तू बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "आवळताना कळायला पायजे होतं रे. लाकूड धरतंय का नाय ते हाताला कळतंच. मला कसं कळलं नाय?"

तेव्हा बोलायचं होतं. तू मला विचारलं होतंस हे तुला आठवत नाही हे मला त्या क्षणी समजलं, आणि मी सुटलो असं वाटलं. हो, सुटलो असं. लिहायला लाज वाटते पण तसंच वाटलं होतं.

इंदूबाईंकडे आपण किती वेळा गेलो असू? तू दर पंधरवड्याला जायचास आणि मला सोबत न्यायचास, कारण एकट्याला तोंड दाखवायला संकोच वाटतो म्हणायचास. तू त्यांच्यासमोर हात जोडून म्हणालास, "माझ्या हातचं काम होतं, माय. चूक माझी हाय." त्या बाईने काय म्हणावं? म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ. कोणी मुद्दाम थोडंच करतंय." मी बाजूला बसलो होतो. चहा चांगला झालाय म्हणालो. त्या घरात माझ्या तोंडून निघालेलं तेवढं एकच वाक्य.

त्याच सुमारास तुझी साखर निघाली. पायाच्या बोटांना मुंग्या येतात म्हणालास आणि डॉक्टरांनी तपासून सांगितलं. तुला पुरावाच मिळाला. पायाच्या बोटांची जाणीव गेली तशी हाताचीही गेली असणार. जड दारं तू मला द्यायला लागलास. मग हलकीही. गाळ्यात येऊन बसायचास, बिजागऱ्यांना तेल घालायचास, गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट दाखवायचास. कोणी आग्रह केला की म्हणायचास, मधू करेल, त्याचा हात चांगला आहे. हे तू मनापासून म्हणायचास. मी नव्या बिजागऱ्या सोडवत बसायचो आणि मान वर करायचो नाही.

आणि एकदा तू सरळ विचारलंस. गाळ्यात दोघंच होतो, दुपारची वेळ. तेलाची बाटली खाली ठेवलीस आणि म्हणालास, "मधू, खरं सांग. माझा हात गेला का रे?"

यापेक्षा सोपं करून देव कोणाला विचारत नसेल. मी काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, "वय होतंच की रे सगळ्यांचं."

काड्या कोंबल्या ते रागात. दाराशी पुसापुशी केली ती भीतीने. पण हे उत्तर मी थंड डोक्याने दिलं. तोवर इंदूबाई बऱ्या होऊन कामाला लागल्या होत्या, मालकानेही कधी विषय काढला नव्हता. खरं बोलून माझं काही जाणार नव्हतं, फक्त तुझ्यासमोर मान खाली घालावी लागली असती. तेवढीही माझी तयारी नव्हती. दुसऱ्या आठवड्यापासून तू गाळ्यात येणं बंद केलंस. वहिनी म्हणाल्या, घरी आराम करतात. मी म्हणालो, बरं झालं, फार राबला.

त्यालाही दोन वर्षं होत आली. आणि एका सकाळी चहा पिता पिता तू गेलास. छातीत दुखतंय म्हणालास, वहिनी पाणी आणायला उठल्या, तेवढ्यात.

तेराव्यानंतर मी ठरवलं, सांगायचं. आधी कार्यालयाच्या मालकाकडे गेलो. मनात म्हटलं, जिथे तुझं नाव खराब झालं तिथून सुरुवात करावी. खरं म्हणजे तिथे सांगणं सोपं होतं म्हणून आधी तिथे गेलो. मालक चहा मागवून बसला. मी सगळं सांगितलं, खुंट्या, काड्या, सगळं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "कोणतं दार हो?" आता तिथे काचेची दारं आहेत, विलास. मी आठवण करून दिली तेव्हा म्हणाला, "हां हां, पडलं होतं खरं एकदा. विलास म्हणजे ते रंगकामवाले का?" मी म्हटलं, नाही, बिजागऱ्यांचं काम करायचे. तो म्हणाला, असेल, असेल, लय माणसं येतात इथं. तुझ्या आयुष्यातली दोन वर्षं ज्याने खाल्ली ते दार त्या माणसाला आठवतही नव्हतं.

काल तुझ्या घरी गेलो. वहिनी एकट्याच होत्या. मी विषय कसा काढावा या विचारात होतो तर त्यांनीच आतून एक फळी आणून माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, भावजी, हे काय करू मी, तुमच्या कामाचं असेल तर घेऊन जा. हातभर लांब सागाची फळी. तिच्यात ओळीने भोकं पाडलेली होती आणि भोकांत वेगवेगळी लाकडं ठोकलेली. साग, बाभूळ, आंब्याचं, खोक्याचं मऊ लाकूडसुद्धा. पुन्हा पुन्हा स्क्रू आवळून आणि काढून भोकांच्या कडा चेंदल्या होत्या.

रोज सकाळी, त्यांनी सांगितलं. पूजा झाली की तू खुर्चीवर बसायचास. वहिनी तुझ्या डोळ्यांना पंचा बांधायच्या, फळी उलटसुलट फिरवायच्या आणि एका भोकावर स्क्रू टेकवून पेचकस तुझ्या हातात द्यायच्या. तू आवळायचास आणि खाली कोणतं लाकूड आहे ते सांगायचास.

"एकदाही चुकले नाहीत, भावजी," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्षांत एकदाही नाही. मी म्हणायची, बघा, हात चांगला हाय तुमचा, उगाच मनाला लावून घेतलंत. तर म्हणायचे, मग त्या दिवशी कसं कळलं नाय?"

मी फळी खाली ठेवली. मला वाटलं होतं की सांगताना माझा आवाज फुटेल, पण तो अगदी साधा निघाला. म्हणालो, "त्या दिवशीही त्याला कळलं होतं, वहिनी. तो आवळता आवळता थांबला होता. त्याने मला विचारलं, सागाचीच खुंटी आहे ना, आणि मी खोटं बोललो." मग बाकीचं सांगितलं. फडकं, खिसा, इंदूबाईंकडचा चहा, आणि तू सरळ विचारलंस तेव्हा दिलेलं उत्तर. काही सोडलं नाही.

वहिनी रडल्या नाहीत. पंचाची घडी मांडीवर होती ती त्यांनी उलगडली आणि परत घातली. मग म्हणाल्या, "तुम्ही तर रोज याच गल्लीतून जात होता."

जात होतो, विलास. रोज साडेनऊला, गाळा उघडायला. तू पूजा आटपून, डोळ्यांवरचा पंचा सोडून ओट्यावर येऊन बसलेला असायचास. मी गाडीचा वेग थोडा कमी करायचो, तू हात वर करायचास, मी हात वर करायचो, आणि मी पुढे निघून जायचो.